टर्बो नावाचा दलाल

'एन. ए.' ही दोन अक्षरे आमच्या बुलडाणा जिल्ह्यात कुणाच्याही कानावर पडली, की त्याच्या डोळ्यांपुढे प्लॉट उभे राहतात. वावर अकृषक झाले, चुन्याच्या रेघा पडल्या, कोपऱ्यावर कुठल्या तरी नगराची कमान लागली, असा सगळा चित्रपट त्या दोन अक्षरांत असतो. त्यामुळे गेल्या दिवाळीत धामणगाव बढ्याला, ताईच्या घरी, माझा इंजिनिअरिंगला असलेला भाचा ओसरीवर येरझाऱ्या घालत फोनवर कुणाला तरी म्हणाला, "एन. ए. मधी काही दम नाही रे, आपन टर्बोच करू," तेव्हा भाऊजींच्या बशीतला चहा पायजम्यावर सांडला.

"माह्या जिवात जीव हाये तोवर वावराचं एन. ए. होनार नाही!" भाऊजी गरजले. "आन् हा टर्बो कोन? दलाल हाये का?"

घरात हशा पिकला. ताई हसली, भाचा हसला, आणि मी बँकेतला माणूस असल्यामुळे थोडे जास्तच हसलो. पण वाचकहो, आज पूर्ण विचारांती सांगतो, की टर्बोची इतकी अचूक व्याख्या मी अजून दुसरी ऐकलेली नाही. टर्बो हा दलालच आहे. हवा आणि इंजिन यांचा सरळ व्यवहार चाललेला असताना तो मध्ये येऊन बसतो, "तुम्हाला दीडपट माल मिळवून देतो" म्हणतो, आणि आपली दलाली कुठल्या खात्यातून कापून घेतो ते शेवटपर्यंत कळू देत नाही.

आता माझा अधिकार काय, असे कुणी विचारील. अधिकार काहीच नाही. मी बी. कॉम. आहे. स्कूटर सुरू झाली नाही तर तिला आडवी करून पुन्हा उभी करणे, यापलीकडे माझे यंत्रज्ञान जात नाही. पण इंजिन हे शेवटी एक खातेच आहे. एका बाजूने हवा आणि पेट्रोल जमा, दुसऱ्या बाजूने धूर खर्ची, आणि मधली शिल्लक म्हणजे चाकाला मिळणारी ताकद. जमाखर्च मला कळतो. किंबहुना तेवढेच कळते.

भाच्याने त्या दोन अक्षरांचा खुलासा केला. एन. ए. म्हणजे आपल्याच श्वासावर चालणारे इंजिन. दट्ट्या खाली गेला की सिलिंडरमध्ये पोकळी होते आणि बाहेरची हवा आपण होऊन आत शिरते. तिला कुणी बोलवायला लागत नाही. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो एवढा वातावरणाचा दाब असतो, तोच तिला आत लोटतो. हा दाब फुकट आहे, त्यावर जी. एस. टी. नाही, आणि तो घ्यायला आधार कार्ड दाखवावे लागत नाही. एक किलो पेट्रोल नीट जाळायला पावणेपंधरा किलोच्या आसपास हवा लागते म्हणे. म्हणजे लोक समजतात इंजिन पेट्रोलवर चालते. ते चालते हवेवर. पेट्रोल हे तोंडी लावणे.

टर्बोत काय होते? बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या वाटेत एक चक्र बसवतात. धुराच्या लोटाने ते फिरते, मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, आणि त्याच दांड्यावर पलीकडे बसवलेले दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून जास्त ताकद. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या एका स्विस इंजिनिअरने १९०५ साली याचे पेटंट घेतले. माणूस थोर असला पाहिजे. वाया जाणाऱ्या धुराला कामाला लावणे ही गोष्ट सोपी नाही. आमच्या शाखेत दुपारी चारनंतर वाया जाणारी वाफ कामाला लावणे अजून कुणाला जमलेले नाही.

"पाहा ना मामा," भाचा म्हणाला, "धूर तसाही वायाच जाते. आपन फुकटची ताकद काहून सोडाची?"

'फुकट' हा शब्द उच्चारला, की आम्ही बँकवाले चष्मा पुसून खालचा बारीक मजकूर वाचतो.

पण आधी ती गाडी काय होती ते सांगितले पाहिजे. भाच्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी मिळून शाळेच्या मुलांची ने-आण करून थकलेली एक जुनी मारुती ओम्नी भंगाराच्या भावात उचलली होती. ओम्नी घेण्यात त्यांचे डोके होते, हे मान्य केले पाहिजे. मारुती ८०० मध्ये इंजिन आडवे आणि ताकद पुढच्या चाकांना. ओम्नीत तेच ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन उभे, पुढच्या सीटखाली, आणि ताकद लांब दांड्यातून मागच्या चाकांना. म्हणजे वरचा पत्र्याचा डबा फेकून द्यायचा, चौकोनी नळ्यांचा हलका सांगाडा वेल्डिंग करायचा, आणि इंजिन, गिअर, दांडा, मागचा धुरा हे सगळे त्यात आहे तसे मांडायचे. दोन माणसांपुरती जागा. दार नाही, टप नाही, काच नाही. गावात ट्रॉल्या आणि वखरे बनवणारे एक मिस्त्री आहेत, त्यांच्या शेडमध्ये हे काम चालले होते.

"साहेब, मी जन्मभर वजनदार वस्तू बनवल्या," मिस्त्री मला म्हणाले. "ट्रॉली जितकी भारी तितकं गिऱ्हाईक खूश. हे पोरं पह्यले, जे येऊन म्हनतात, काका, अजून हलकं करा."

या प्रकारच्या गाडीचे मूळ पुरुष विलायतेतले कॉलिन चॅपमन. त्यांनी १९५७ साली लोटस सेव्हन नावाची अशीच उघडीबोडकी गाडी काढली. ती सुट्या भागांत मिळायची आणि गिऱ्हाइकाने घरी जोडायची. यामागे कसली क्रीडावृत्ती नव्हती बरं का! तयार गाडीवर तिकडे खरेदीकर होता, सुट्या भागांवर नव्हता. अट अशी, की जोडणीच्या सूचना सोबत द्यायच्या नाहीत. तेव्हा कंपनी गाडी सुटी कशी करावी याचे पुस्तक देई आणि गिऱ्हाईक ते शेवटून सुरुवातीकडे वाचत जाई, असे सांगतात. हे वाचून मला एका वाणिज्य पदवीधराला साजेसा आनंद झाला. १९७३ साली तिकडे व्हॅट आला, पळवाट बुजली, लोटसने गाडीचे हक्क केटरहॅम नावाच्या दुकानदाराला देऊन टाकले, आणि ती गाडी अजून बनते आहे. आपल्याकडे अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने याच धाटणीची फायबरग्लासची रोडस्टर बनवली. तिच्यात इंजिन कोणते? इसुझूचे १.८ लिटरचे, जे अँबॅसडरमध्येही बसत असे. अँबॅसडरमध्ये त्या इंजिनाने साहेब, साहेबांचा शिपाई आणि फायलींचा गठ्ठा ओढला. अलिबागेत त्याच्या पाठीवरचा बोजा उतरवला, तर ते वाऱ्यासारखे पळाले. टर्बो नव्हता. बढती नव्हती. फक्त बोजा उतरवला होता. सरकारी नोकरीत हा प्रयोग कुणी करून का पाहत नाही, कळत नाही.

हे झाले कूळ. आता खटला.

माझे म्हणणे एवढेच आहे, की टर्बो तीन ठिकाणी शोभतो. एक, जिथे बोजा मोठा आहे. दोन, जिथे हवा विरळ आहे. तीन, जिथे कायद्याने इंजिन लहान ठेवायला लावले आहे. या तिन्ही ठिकाणी मी त्याला हात जोडतो. चौथ्या ठिकाणी तो दिसला, तर त्याने दलालाचे ओळखपत्र दाखवावे.

बोजा म्हणाल, तर कपाशीच्या गाठी भरलेला ट्रक मलकापूरहून निघून मोताळ्यावरून राजूर घाट चढताना पाहावा. त्याच्या मागे अडकलेल्या गाडीत बसून मी अर्धे आयुष्य काढले आहे. त्या ट्रकला टर्बो हवाच. दोन लावले तरी माझी हरकत नाही. शिवाय ते डिझेल. डिझेलमध्ये सिलिंडरात आधी निव्वळ हवा दाबतात आणि इंधन शेवटी फवारतात. त्यामुळे हवा कितीही आली तरी ते पोट भरून घेते. पेट्रोलचे तसे नाही. बहुतेक गाड्यांत पेट्रोल हवेबरोबर आधीच मिसळून आत येते. ते मिश्रण जास्त दाबले, तापले, की ठिणगी पडायच्या आधीच भडकते आणि दट्ट्याच्या टाळक्यात हातोडा मारते. म्हणून पेट्रोलच्या टर्बोला हवा गार करायचा वेगळा रेडिएटर, दाब मोजायचे यंत्र, दाब सोडायची झडप, असा सगळा कर्मचारीवर्ग ठेवावा लागतो. दलाल एकटा कधी येत नाही.

विरळ हवा म्हणाल, तर लडाखच्या खिंडीत किंवा उंच उडणाऱ्या विमानात इंजिनालाही धाप लागते. तिथे टर्बो म्हणजे प्राणवायूची नळी. पण धामणगाव बढ्याची हवा विरळ आहे, असा आरोप आजवर कुणी केलेला नाही. सोयाबीन काढायच्या मोसमात तर ती इतकी दाट असते, की चावून घ्यावी लागते.

आणि तिसरी गोष्ट कायद्याची. इथे माझे कान टवकारले. जपानात छोट्या गाड्यांचा एक वर्ग आहे, त्यात इंजिन ६६० सीसीच्या वर चालत नाही. मग काय, हवा कोंबा. आपल्याकडे पेट्रोल गाडी चार मीटर लांबीच्या आणि १२०० सीसीच्या आत राहिली की कर कमी. सप्टेंबर २०२५ नंतर १८ टक्के, नाही तर ४०. मग काय, इंजिन लहान ठेवा आणि हवा कोंबा. फॉर्म्युला वनमध्ये रेनॉने १९७७ साली टर्बो आणला, कारण नियमच तसा होता: आपल्या श्वासाचे इंजिन असेल तर तीन लिटर, हवा कोंबणारे असेल तर दीड लिटर. ती गाडी दर शर्यतीत इतकी वाफ सोडायची, की लोकांनी तिचे नाव पिवळी किटली ठेवले. जिंकायला तिला १९७९ उजाडले. मग सगळ्यांनीच टर्बो लावले, आणि १९८९ पासून नियमवाल्यांनी ते बंद केले. २०१४ साली पुन्हा आणले, तेही नियमानेच. म्हणजे टर्बो हा पुष्कळदा इंजिनिअरचा नसून वकिलाचा आणि चार्टर्ड अकाउंटंटचा शोध असतो. मी हे निंदा म्हणून सांगत नाही. धंद्यातली माणसे आहेत.

पण भाऊजींच्या मुरमाड माळावर पळणाऱ्या गाडीला बोजा नाही, उंची नाही आणि सीसीचा कायदाही नाही. उलट, कायद्याने ती रस्त्यावर आणताच येत नाही. मंजुरी नाही, नोंदणी नाही, नंबर नाही. २०२१ साली सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. आनंद महिंद्रांनी जाहीर कौतुक केले, पण हीदेखील नियमांत बसणार नाही म्हणून तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि २०२२ च्या जानेवारीत ती दिलीही. आमची पोरे म्हणाली, आम्हाला बोलेरो नको, माळ पुरे. मग ज्या गाडीला कुणी अडवलेले नाही, तिला दलाल कशाला?

"मामा, तुमी जुन्या काळचे हा," भाच्याने तोफ डागली. "ते तुमचं केटरहॅम. त्यांची १७० नावाची गाडी पाहा. ४४० किलो वजन, आन् इंजिन कोनतं? सुझुकीचं ६६० सीसी, टर्बो! आपल्या मारुतीचं मायघर!"

हा घाव वर्मी बसला, हे कबूल करतो. रात्रभर मी मोबाइल घेऊन जागा होतो; ताईला वाटले पोट बिघडले. सकाळी उत्तर तयार होते. एक तर ते इंजिन जपानच्या ६६० सीसीच्या कायद्यातूनच आलेले. दुसरे, ते कारखान्यातून टर्बोसकट जन्मलेले आहे. त्याचा दट्ट्या, त्याचे तेल, त्याचा संगणक हे सगळे एकाच घरात वाढले. तुमच्या ओम्नीचा टर्बो म्हणजे साठाव्या वर्षी घरात आणलेला दत्तक मुलगा. आणि तिसरे, त्याच केटरहॅमची दुसरी एक गाडी आहे. दोन लिटरचे फोर्डचे इंजिन, आपल्या श्वासाचे, २१० अश्वशक्ती. तिचे नाव ४२०. आता बँकेत हा आकडा उच्चारत नाहीत. भारतीय दंड संहिता २०२४ साली गेली, तिच्यातले कलम गेले, तरी आकड्याची बदनामी गेली नाही. पण मी सांगतो, त्या दोघींत सचोटीची गाडी ही चारसोबीसच.

भाचा ऐकेना. टर्बो, नळ्या, हवा गार करायचे रेडिएटर, इंधनाचा नवा संगणक, मिळून ५८ हजारांचा अंदाज त्याने कागदावर मांडला होता. भाऊजींचे सोयाबीन नुकतेच विकले गेले होते, आणि त्या पैशांवर आधीच खताचे, औषधाचे, थकलेल्या वीजबिलाचे असे तीन टर्बो बसलेले होते. तेव्हा पैसे कर्जाने काढायचे आणि जामीन मामा राहणार, असे ठरल्याचे मला ताईकडून कळले. ताईने ते मला दुसऱ्यांदा करंजी वाढताना सांगितले. कुठले काम कुठल्या पदार्थाबरोबर सांगायचे, हे बायकांना उपजत कळते.

इथे मी गंभीर होतो, आणि माझे गंभीर होणे घरी कुणी मनावर घेत नाही, म्हणून ते इथे छापून ठेवतो. वीस वर्षे काउंटरमागे बसून मी पाहिले आहे, की माणूस बुडतो तो कमाई कमी म्हणून क्वचितच. तो बुडतो, कारण खर्चाचा बोजा उतरवण्याऐवजी तो कमाईच्या नळीत उसना वारा भरत राहतो. लग्नात एक जेवण कमी करत नाही, कर्ज एक वाढवतो. आणि उसन्या वाऱ्याचा गुण असा, की तो मागितल्या क्षणी येत नाही. अर्ज करावा, थांबावे, साहेब रजेवर असावेत, मग एकदम रक्कम जमा व्हावी, आणि त्या भरात नको ते घेतले जावे. टर्बोलाही हाच रोग आहे. पेडल दाबले की आधी धूर वाढायला हवा, मग चक्र फिरायला हवे, मग दाब चढायला हवा. मोटारवाले याला 'लॅग' म्हणतात. आम्ही 'मंजुरी प्रलंबित' म्हणतो. हल्लीच्या गाड्यांत हा उशीर पुष्कळ कमी केला आहे, हे खरे. पण हलक्या गाडीचे सुखच मुळी हे, की पायाने विचारावे आणि चाकाने त्याच क्षणी उत्तर द्यावे. ते उत्तर उसने आणले, तर मग हलकी गाडी बनवलीच कशाला?

मी म्हटले, "लेका, आधी लावून पाहा. कर्ज नंतर."

ओळखीच्या भंगारवाल्याकडून एका डिझेल गाडीचा टर्बो दोन दिवसांच्या बोलीवर आला. मिस्त्रींनी नळ्या वाकवल्या. मग मी एक गोष्ट केली, जिचा मला अजून अभिमान आहे. भाऊजींचा कापूस मोजायचा काटा मी माळावर आणवला. पुढची चाके एकदा, मागची एकदा, अशी बेरीज करून टर्बोआधी गाडी तोलली होती ४३० किलो. टर्बो, नळ्या, रेडिएटर, तेलाच्या वाहिन्या लागल्यावर भरली ४५१. म्हणजे ताकद यायच्या आधी दलालाने एकवीस किलोचे बिछाने घरात आणून टाकले होते.

भाचा बसला. माळाच्या एका अंगाला शेजाऱ्यांची तूर पुरुषभर उंच उभी होती. त्याने पेडल दाबले. काही नाही. अजून दाबले. गाडी आमच्या शाखेतल्या पंख्यासारखी निवांत. "आता पाहा," तो ओरडला, आणि त्याच क्षणी मंजुरी आली. शिट्टी वाजली, हलकी मागची चाके मुरमावर भणाणली, गाडीने शेपूट फिरवली आणि ती सरळ तुरीत शिरली. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "टर्बो तुरीत गेला."

पोराला खरचटलेसुद्धा नव्हते. तुरीच्या तीन ओळी मात्र झोपल्या होत्या. शेजाऱ्यांना त्याची भरपाई भाऊजींनी रोख दिली, आणि दलाली कुठल्या खात्यातून कापतात ते मला तेव्हा कळले. दुसऱ्या फेरीला इंजिन आतून खडखडू लागले, तिसऱ्या फेरीला डोक्याखालचे गॅस्केट गेले आणि पाणी तेलात उतरले. कारण साधे होते. हवा वाढली होती, पण पेट्रोल किती सोडायचे ते ठरवणाऱ्या त्या जुन्या संगणकाला कुणी कळवलेच नव्हते. शाखेने व्यवहार वाढवला आणि हेड ऑफिसला पत्र गेले नाही, की असेच होते.

त्या रात्री भाचा जेवला नाही. मी जिंकलो होतो, पण जिंकल्याचे काही वाटेना. पोराने सहा महिने वेल्डिंगच्या ठिणग्या अंगावर घेतल्या होत्या. त्याला वेग हवा होता, आणि मी त्याला जमाखर्च देत होतो. मग त्याच्या अंदाजपत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर मी हिशेब मांडला आणि उशाशी ठेवून दिला. इंजिन ३५ अश्वशक्तीचे. ओम्नी असताना गाडी ७८५ किलो, सात पोरे आणि ड्रायव्हर मिळून ३१५. एकूण ११०० किलो. म्हणजे टनाला ३२ अश्वशक्ती. त्याच डब्याला टर्बो लावून ५० केली असती, तर टनाला ४५. आणि आता? गाडी ४३०, भाचा ५८. टनाला जवळजवळ ७२! दुपटीच्या वर. खाली लिहिले: 'ही ताकद तू आधीच मिळवली आहेस. हॅकसॉ ब्लेडने. तिच्यावर हप्ता नाही.'

सकाळी कागद उशाशी नव्हता. भाचाही नव्हता. शेडमधून ग्राइंडरचा आवाज येत होता.

महिन्याभराने मला बोलावणे आले. गॅस्केट नवे, टर्बो भंगारवाल्याकडे परत, आणि काट्यावर गाडी ४१७ किलो. सीटच्या लोखंडी पट्ट्यांना भोके पाडून, जाड पत्र्याच्या जागी पातळ लावून, पोरांनी आणखी तेरा किलो काढले होते. सगळा खर्च नऊ हजार, तोही चौघांत. मला मानाने शेजारच्या सीटवर बसवले. म्हणजे आधी बसवले, मग दोघांनी ढकलले.

गाडी सुटली. काय सांगू! पेडल दाबताच पाठीत बुक्की. सोडताच शांत. वळताना माझे अंग एकीकडे आणि करंज्या दुसरीकडे. त्यात शिट्टी नाही, वाट पाहणे नाही, उपकार नाहीत. तीन सिलिंडरचे ते म्हातारे इंजिन, ज्याने शाळेच्या दप्तरांखाली जन्म काढला, ते स्वतःच्या श्वासावर गात होते. दोन फेऱ्या झाल्या. मी दोन्ही हातांनी सांगाडा धरून ओरडलो, "पाह्यलं का? बोजा उतरवा, बोजा!"

भाच्याने ब्रेक मारला. गाडी थांबली. तो माझ्याकडे अत्यंत आदराने पाहत होता.

"मामा, एक हिशेब करू का?"

"कर की."

"तुमी काट्यावर ९१ भरले. तुमी धरून टनाला ६२ होते. तुमी उतरले का ७४. तुमच्यासंगट ७४ कराचे तर इंजिनले सात अश्वशक्ती वरून लागन." त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. माझाच कागद होता तो. "एक पैसा खर्च नाही, मामा. हप्ता बी नाही."

मिस्त्री दुसरीकडे पाहू लागले. भाऊजी काट्याची धूळ झटकू लागले. तत्त्वासाठी लोक काय काय करतात. मी गाडीतून उतरलो. म्हणजे दोघांनी ओढून काढले.

गाडी माळाच्या टोकापर्यंत अशी गेली, की तुरीच्या शेंगा वाजल्या. मी मुरमावर उभा राहून पाहत होतो. माझे म्हणणे शंभर टक्के खरे ठरले होते, आणि त्यात मीच बसत नव्हतो.

संध्याकाळी ताईने पानात पुरणपोळी वाढली आणि तुपाचे भांडे घेऊन आली. भाचा समोरच बसला होता. मी पोळीवर हात आडवा धरला.

"काहून रे?" ताई म्हणाली. "तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे," मी म्हटले. "एन. ए. करतोय."

भाऊजींनी ताटातून मान वर केली. "कोनतं वावर?"